क्रियापदाआधीचा श्वास

गोडदेवच्या आमच्या सोसायटीत कुणी बोलताना लांबण लावली, की पाष्टेकाका हवेत दोन बोटं फिरवून त्याचा आवाज कमी करायचे. समोरच्याचा आवाज काही कमी होत नसे, पण काकांना बरं वाटे. तीस वर्षं ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून बोटांना ती खोडच जडली होती. सेक्रेटरींच्या वार्षिक अहवालाला तर बोटं पार शेवटपर्यंत जायची.

काका मूळचे रत्नागिरीकडचे, धंदा माईक आणि भोंग्यांचा. भाईंदरातली बहुतेक भाषणं त्यांनी स्टेजच्या कोपऱ्यात बसून ऐकलेली. भाषणातला त्यांच्याइतका जाणकार अख्ख्या मीरा-भाईंदरात नव्हता, हे मी छाती ठोकून सांगतो.

"मुद्दे कोण ऐकतोय?" ते म्हणायचे. "मराठीत टाळी क्रियापदावर पडते. त्याच्या आधी श्वास घ्यायचा. पब्लिकला वाट बघायला लावायची. पण बेताने."

बेताने का, तेही सांगतो. महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार काकांचा सल्ला घेऊन भाषणाला उभे राहिले. "या गोडदेवला मी पाणी..." म्हणाले आणि त्यांनी श्वास घेतला. तो इतका लांबला की मागून कुणीतरी "पाजणार" म्हणून मोकळं झालं. पुढचं भाषण हशात वाहून गेलं. "औषध बरोबर होतं, डोस जास्त झाला," हा काकांचा निकाल.

दुसरे एक साहेब हिंदी बोलणाऱ्या नया नगरात "मैं आपके पाठीशी खडा हूँ" म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो, काका हसले नाहीत. "टाळी पडली ना? मनातलं बोलला म्हणून पडली. शुद्ध बोलायच्या नादात माणूस कोरडा होतो."

असा हा माणूस स्वतःच्या मुलीशी मात्र सात वर्षं एक शब्द बोलला नव्हता. सुनीताने समुद्रकाठच्या पाली गावातल्या पीटरशी लग्न केलं, तेव्हापासून. घरात तिचं नाव निघालं की तीच दोन बोटं हवेत फिरायची आणि काकी बिचाऱ्या विषय बदलायच्या.

काकांच्या ऑर्डरी माझ्या फोनवर यायच्या, कारण मोबाईल "खरखरतो" म्हणून त्यांना चालत नसे. एकदा पालीहून फोन आला. उमेदवार होती सुनीता. मी काकांना "पालीला सभा आहे" एवढंच सांगितलं. लबाडी केली, कबूल आहे.

टेम्पोतून उतरल्यावर काकांनी बॅनरवरचं नाव वाचलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी वायरचं भेंडोळं उलगडायला घेतलं. मग म्हणाले, "ऑर्डर घेतली ना, मग वाजवायची."

सुनीता कागद घेऊन उभी राहिली. "सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित बंधुभगिनींनो..." ठणठणीत कोरडं. समोरच्या बायका आपापसात बोलायला लागल्या. काकांची बोटं बटणावर होती. आता हे हिचा आवाज खरोखरच बंद करतात की काय, असं मला वाटलं. काकांनी तो कणभर वाढवला.

सुनीताला ते कळलं. तिने वळून बापाकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

"पालीत नळ हाय. नळाखाली हंडा हाय. हंड्यापाशी बाय उभी हाय. पन पानी..."

तिने श्वास घेतला, नेमका हवा तेवढाच.

"न्हाय," अख्खी पाली तिच्याबरोबर गरजली.

टाळ्या थांबेनात. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारायला काकांनी हातातला माईक तोंडाशी नेला, तेवढ्यात शेजारी बसलेली एक म्हातारी त्यांना कौतुकाने म्हणाली, "आमच्या पालीची सून हाय ती."

"मुलगी माझी आहे," काका म्हणाले.

ते वाक्य चारही भोंग्यांतून थेट समुद्रापर्यंत गेलं. सगळी सभा मान वळवून काकांकडे बघायला लागली. सुनीता स्टेजच्या पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "माईक चालू हाय."

"असू दे," काका म्हणाले.