चाकांचा खांब

देवराम पाटील पहाटे चहाचा कप घेऊन अंगणात आला आणि लेकीच्या हळदीचा मंडप डोळे भरून बघू लागला. छतापासून बाजूंपर्यंत एकच पिवळी-गुलाबी कनात, झेंडूच्या माळा, दर्शनी बाजूला 'सुस्वागतम'. काल राहिलेली आमंत्रणं उरकून तो घरी आला तेव्हा गावात लाईट नव्हती, त्यामुळे मंडप असा उजेडात तो आत्ताच पाहत होता. त्याची नजर एकेका खांबावरून सरकत चौथ्या खांबावर गेली आणि थबकली. त्या खांबाला चाकं होती.

वाघेरपाड्याची मुक्कामी एसटी गाडी होती ती. संध्याकाळी कल्याणहून यायची, रात्रभर देवरामच्या घरासमोरच्या मैदानात झोपायची आणि सकाळी सहाला भाजीच्या पाट्या, कॉलेजची पोरं, कामावरची माणसं घेऊन परत निघायची.

"रत्नदीप!" देवरामने टेम्पोत झोपलेल्या मंडपवाल्याला गदागदा हलवलं. "ह्ये काय करून ठेवलंस रं?"

रत्नदीप डोंबिवलीचा. डोळे चोळत तो म्हणाला, "काका, बांबू कमी पडला. बाजूला ही भंगार गाडी दिसली. म्हटलं भक्कम आहे, बांधून टाकू. कोणाला नडतेय?"

"भंगार? अरे, सहाला सुटते ती!"

रत्नदीपने गाडीकडे नीट निरखून बघितलं. "ही चालते?" त्याच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं.

एरवी देवराम हसला असता. पण गाडी सारखी उशिरा पोचते म्हणून आगारातल्या साहेबांनी गावाला बजावलं होतं: आता उशीर झाला, तर मुक्काम शेजारच्या गावाला. आणि आज ते स्वतः कल्याणच्या स्टँडवर घड्याळ बघत उभे राहणार होते. हा मुक्काम मिळवायला देवरामनेच आगाराचे उंबरे झिजवले होते. आता तो जाणार, तोही त्याच्याच मंडपापायी!

तेवढ्यात कंडक्टर गुणाजी देवळातून अंथरूण गुंडाळत आला आणि जागीच उभा राहिला. "पाटील, गाडीचं लगीन हाय काय?"

मग सगळे गाठींना भिडले. दोर नायलॉनचा, त्यात रात्रभर दव पिऊन फुगलेल्या कनातीचा ताण. एकही गाठ सुटेना. पाटीवाल्या बायका आत बसून सूचना करत होत्या, पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती आणि ड्रायव्हर इंजिन चालू करून हॉर्न वाजवत होता. शेवटी देवरामची बायको मालन विळा घेऊन घरातून आली.

"अगं, मंडप पडंल!" देवराम ओरडला.

"पडू दे. मंडप भाड्याचा हाय, गाडी आपली हाय," मालन म्हणाली आणि तिने बांबूकडचे दोर सपासप कापले.

बांबू राहिले, कनात गेली. गाडीकडच्या गाठी काही सुटल्या नव्हत्या. पोरांनी लोंबणारं कापड गोळा करून टपावर चढवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून झेंडूच्या माळांनी आवळलं, आणि 'सुस्वागतम' आपोआपच ड्रायव्हरच्या डोक्यावर येऊन बसलं. कल्याणला गाठी सोडवून कनात परत आणायला देवराम आणि रत्नदीप गाडीत चढले. ड्रायव्हरने जीव तोडून गाडी हाणली.

गाडी स्टँडवर वेळेत शिरली. साहेब घड्याळाकडे बघत होते. त्यांनी मान वर केली आणि घड्याळ विसरले.

"हे... हे काय आहे?"

गाडीचा खांब केला होता, हे देवरामला सांगायची सोय नव्हती. गुणाजी मात्र तिकिटाचं मशीन सावरत शांतपणे म्हणाला, "गावाचं प्रेम हाय, साहेब."

साहेबांचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना गावागावांतून तक्रारी आल्या होत्या, झेंडू कधीच आला नव्हता. "याला कुणी हात लावायचा नाही! दिवसभर गाडी अशीच फिरू दे. आणि संध्याकाळी गावाचे आभार मानायला मी स्वतः येणार."

गाठीपर्यंत पोचलेला रत्नदीपचा हात देवरामने मागे ओढला.

थोड्या वेळाने मालनचा फोन आला. "अवं, कनात कुठं हाय? पाव्हणं येतील आता!"

"कनात ड्युटीवर हाय," देवराम म्हणाला.

संध्याकाळी उघड्या बांबूंखाली पाहुणे आभाळ बघत बसले असताना गाडी आली. पहिले उतरले साहेब, हातात नारळ. त्यांच्या मागून नवऱ्यामुलाचे वडील आनंदशेठ आणि त्यांची मोहने गावची मंडळी. आनंदशेठने देवरामला कडकडून मिठी मारली. "व्याही, मानलं! आम्हाला आणायला सरकारी गाडी सजवून पाठवली! परवा वरातीला पण हीच पायजे!"

"वरात?" साहेबांनी बांबूंकडे बघितलं. मग गाडीवरच्या कनातीकडे. मग देवरामकडे. "म्हणजे पाटील, ही सजावट..."

पुढचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. मालनने दोन्ही हात भरून ओली हळद साहेबांच्या तोंडाला फासली होती. "साहेब, आमच्यात पाव्हण्याला बिनहळदीचा उभा नाय ठेवत!" ताशा कडाडला, बायकांनी साहेबांना मधे ओढलं आणि चौकशीला जागाच उरली नाही. जेवणं उरकेपर्यंत कल्याणला जायला वाहन राहिलं नव्हतं. साहेब देवळात गुणाजीच्या शेजारी आडवे झाले.

सकाळी सहाला गाडी भरून तयार होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला. पाटीवाल्या बायका कुरकुरू लागल्या. "गुणाजी, आज कशाला खोळंबा?"

विहिरीकडून पिवळाधमक चेहरा साबणाने खसाखसा घासत साहेब ओरडले, "अहो, थांबा! आलोच!"

गुणाजीने देवरामकडे बघितलं. "थांबू काय, पाटील?"

"थांब," देवराम म्हणाला, "पण उशीर कुणामुळं झाला, ते साहेबांनाच लिहायला सांग."