पिठीचं बाळंतपण

जगातलं कोणतंही काम बिघडतं ते मोघमपणामुळे, असं रोहिणीचं ठाम मत होतं. 'चिमूटभर', 'अंदाजानं', 'जरासं' हे शब्द तिच्या सासरी, तेलगावात, दिवसभर हवेत तरंगत असत आणि ती ते माश्यांसारखे वारत असे. ज्युनिअर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची आणि घरी चहाची साखरसुद्धा सपाट चमच्यानं मोजायची. त्यामुळे पिठीचं हृदय बिघडलं तेव्हा ती घाबरली खरी, पण डगमगली नाही. औषध, डोस, पथ्य, सगळं ठरवून केलं की झालं!

पिठी म्हणजे पांढरी उंदरीण. बीडच्या एका कॉलेजातली प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा मागे उरलेली ही एकटी. रोहिणीनं तिला ओढणीत गुंडाळून घरी आणलं होतं. कापूस राखायचा म्हणून उंदरांशी ज्या घराचं पिढीजात वैर, तिथं सुनेनं उंदीर पाळायचा म्हणजे सरपंचाच्या दारावर विरोधी पॅनलचा झेंडा लावायचा. पण सासरे सुंदरराव एवढंच म्हणाले होते, "पिंजऱ्यात हाय तवर माजी काई हरकत न्हाई." सासूबाई, छबुबाई, पिंजऱ्याला हात लावत नसत. लांबूनच भाकरीचा तुकडा आत टाकत आणि पदराला हात पुसत.

अलीकडे पिठीचं पोट टम्म फुगलं होतं. बसल्या जागी तिला धाप लागायची. रोहिणीनं तिला माजलगावला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. या डॉ. रविराजांची तोवरची सगळ्यात लहान पेशंट म्हणजे शेळी. त्यांनी स्टेथोस्कोप टेकवला तशी पिठी त्याच्याखाली झाकूनच गेली.

"हृदय थकलंय," ते म्हणाले. "पोटात पाणी साठतंय, ते काढावं लागेल." त्यांनी पुण्यातल्या एका मित्राला फोन करून डोस ठरवला आणि बजावलं, "लघवी खूप होईल. तहान लागेल. मरगळ येईल. हे चालायचंच. पण औषधानं भूक मेली तर मात्र मला लगेच कळवा. उंदीर उपाशीपोटी फार टिकत नाही, मॅडम."

पिंजरा समोरच्या खोलीत ठेवला. तिथं छताला टेकलेला कापूस होता, म्हणून ऊब होती आणि कुणाची ये-जा नव्हती. दुसऱ्या दिवशी दिंद्रुडचा व्यापारी धोंडीराम तो कापूस बघायला येणार होता.

छबुबाई दारातूनच पिठीकडे बघत राहिल्या. फुगलेलं पोट. मंद डोळे. जडावलेलं अंग.

"रोहिनी, हिला दिवस गेल्यात."

"नाही हो आत्या. हृदयाचा आजार आहे. पोटात पाणी झालंय."

"चार बाळंतपनं काढली म्या. मला पानी आन पोर कळत न्हाई व्हय?"

"पण ती एकटी आहे. नर कुठून येणार?"

"ह्या घरात उंदरांची कमी हाय का?"

"ते घरउंदीर, आत्या. ही वेगळी. त्यांची जातच वेगळी आहे."

"जात येगळी म्हनून कुनाचं थांबलंय का आजवर?" असं म्हणून छबुबाई आत गेल्या. या प्रश्नावर जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्तर होतं, पण ते सांगेपर्यंत त्या चुलीपाशी पोचल्या होत्या.

संध्याकाळी रोहिणीनं सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब मोजून औषध पाजलं. ते इतकं लागू पडलं, की पहाटे पिठीचं पोट पाठीला टेकलं होतं आणि अंथरुणातला कापूस पिळून घ्यावा इतका ओला झाला होता. रोहिणीला गहिवरून आलं. तिनं नवा कापूस घातला, वाटीत तांदळाचे दाणे ठेवले आणि प्रॅक्टिकलला उशीर होतोय म्हणून पळाली. त्या आनंदात पिंजऱ्याच्या दाराची कडी तेवढी लावायची राहिली.

दुपारी ती घरी आली तेव्हा अंगणात ढग उतरला होता. दारापासून पार गोठ्यापर्यंत कापूसच कापूस! सुंदरराव टोपल्यांनी कापूस बाहेर आणून ओतत होते. मिशांना, भुवयांना, कानांना सगळीकडे कापूस लागून ते एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"मामा, हे काय करायलात?"

"तुज्या आत्याला इचार."

छबुबाईंनी कंबरेवर हात ठेवून एकेक पुरावा मांडला. "सकाळी बघती तर पोट सपाट. खाली समदं वलं. घटाघटा पानी पियाली. अंगात तरान न्हाई. बाळंतीन दुसरी कशी आसती? आन पिल्लं न्हाईत! दार सताड उगडं. म्हंजी तिनं ती कापसात न्हेऊन ठिवली. व्यापाऱ्यानं हात घातला आन पिल्लू हाताला लागलं, तर ह्या घराची काय इज्जत ऱ्हाईल?"

रोहिणीनं मनात सगळं तपासून पाहिलं. निरीक्षणं अचूक होती. एकही सुटलं नव्हतं. फक्त निष्कर्ष चुकला होता, आणि दाराच्या कडीबद्दल तर बोलायला तिला तोंडच नव्हतं.

ती पिंजऱ्याकडे धावली. पिठी आतच होती. पण वाटीतले दाणे जसेच्या तसे होते. एकही कुरतडलेला नव्हता. रोहिणीनं तिला हातात घेतलं, तर धुतलेल्या मोज्यासारखी लोंबली. तिनं तडक डॉक्टरांना फोन लावला.

"औषध जास्त झालंय," डॉ. रविराज म्हणाले. "पुढचा डोस निम्मा करा. पण आज काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. संध्याकाळी मी फोन करतो."

तेवढ्यात खोलीतून सुंदररावांची हाक आली, "सापडली."

ढिगाच्या तळाशी, भिंतीच्या कोपऱ्यात, खरंच एक घरटं होतं. आत राखाडी लव आलेली चार पिल्लं एकमेकांवर पडून चुळबुळत होती. रोहिणी खाली वाकली. "आत्या, ही घरउंदराची आहेत. रंग बघा ना."

"बापावर गेल्यात."

"आणि आठवड्याची तरी असतील. हिचं पोट तर आज उतरलं."

छबुबाईंनी क्षणभर विचार केला. "आवशीद चालू व्हतं न्हवं? पोटातच वाढली आसतील."

सुंदररावांनी एक पिल्लू शेपटीला धरून उचललं, तशी छबुबाई कडाडल्या, "आवं, घरात बाळंतपन झालंय आन तुमी लेकरं फेकायलात?" सुंदररावांनी पिल्लू जागेवर ठेवलं. उभ्या जन्मात ज्यांनी उंदराची गय केली नव्हती, ते घरटं अलगद टोपलीत घेऊन पिंजऱ्याशेजारी ठेवून आले. आणि मागे वळतात तो दारात धोंडीराम उभा.

धोंडीरामनं अंगणभर नजर फिरवली. "सुंदरराव, समदा कापूस कावून मोकळा केला?"

उंदरीण बाळंत झाली म्हणून, हे उत्तर सुंदररावांच्या जिभेवर येऊन परत गेलं.

धोंडीरामनं मात्र खाली बसून इथून मूठभर, तिथून मूठभर कापूस दाबून पाहिला. "म्या लई घरं बघितली. वरचा पांढरा दावत्यात आन बुडाला किडकी कवडी दडवत्यात. तुमी आदी बूडच दावलं की."

"लपवायचंय काय," सुंदरराव म्हणाले आणि भुवयांवरचा कापूस झटकला. टोपलीवर त्यांनी आधीच उपरणं टाकलं होतं.

या सगळ्यात रोहिणी पिंजऱ्यापाशीच बसून होती. दाणा पुढे केला, भोपळ्याची फोड पुढे केली, पिठी तोंड फिरवी. तिच्या इवल्या बरगड्या वर-खाली होत होत्या आणि रोहिणीचा श्वास त्यांच्या तालावर चालला होता.

छबुबाई शेजारी येऊन टेकल्या. हातात वाटी. "ज्वारीची पेज हाय. बाळंतिनीची. पाज."

"मीठ घातलंय का? तिला मीठ अजिबात चालत नाही."

"पयल्या दिसी बाळंतिनीला आळनीच देत्यात, येवडं बी ठावं न्हाई?"

रोहिणीनं बोट बुडवून पिठीच्या ओठाला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. मिशा हलल्या. मग गुलाबी जीभ बाहेर आली, बोट चाटलं, आणि पिठी मान वर करून वाटीच शोधू लागली.

"खा माय," छबुबाई म्हणाल्या. आजवर न शिवलेल्या उंदरिणीच्या पाठीवरून त्यांनी एक बोट फिरवलं. पदराला पुसलं नाही.

डोस निम्मा केला त्याच दिवशी पेजही सुरू केली. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, म्हणजे गुण कशानं आला हे आता कधीच सिद्ध होणार नव्हतं. असला प्रयोग एखाद्या विद्यार्थ्यानं केला असता तर रोहिणीनं त्याची वही परत केली असती. इथं ती वाटी धरून बसली होती आणि डोळे पुसत होती.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे डॉक्टरांचा फोन आला.

"खाल्लं का काही?"

"खाल्लं, डॉक्टर. पेज चाटून चाटून खाल्ली."

"छान! आता वाचेल ती. पोट कसं आहे?"

रोहिणी उत्तर देणार तोच पिंजऱ्यापासून छबुबाईंचा खणखणीत आवाज आला, "डाक्टरला सांग, बाळंतीन आन चारी लेकरं सुखरूप हायेत!"

फोनवर कालचा कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. मग डॉ. रविराज अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, काल ते पाणीच होतं ना?"