फरशीवरचा पन्हाळा

दिवाळीच्या सुट्टीत घर शांत राहिलं पाहिजे, असं विजयमालानं जाहीर केलं. आणि ते तिला ओरडूनच जाहीर करावं लागलं. कारण त्या वेळी मिक्सर चालू होता, टीव्ही चालू होता आणि चंदगडहून आलेल्या धाकट्या नणंदेची, राजनंदिनीची, दोन पोरं विजयमालाच्या मोनाबरोबर उशांवर बसून जिन्यावरून घसरत होती. "शांत म्हंजे शांत," ती म्हणाली. "आज संध्याकाळी आक्का येणार हायत." हे ऐकल्यावर मात्र मिक्सरसुद्धा थांबला.

आक्का म्हणजे थोरली नणंद. राहायला पेठ वडगावात, पण दिवाळीची पहिली आंघोळ दरवर्षी माहेरी. विजयमालाच्या सासऱ्यांनी, आण्णांनी, लाडक्या लेकीसाठी घातलेला हा पायंडा होता. गेल्या वर्षी त्याच आंघोळीनं घात केला. आक्का अंगभर उटणं लावून पाटावर बसल्या आणि नळानं मान टाकली. हौदात पाणी नाही, वरच्या टाकीत नाही. त्यांच्या आधी ऐसपैस न्हाऊन बाहेर आलेला धाकटा भाऊ अमरसिंह, म्हणजे विजयमालाचा नवरा, चकली खाता खाता म्हणाला की थांब की जरा, येईल दुपारपर्यंत. आक्का थांबल्या नाहीत. उटण्यावरच साडी नेसल्या आणि पिवळ्याधमक हातानं एसटीचं तिकीट काढून वडगावला निघून गेल्या.

तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद होतं. अमरसिंह म्हणे, मी काय वावगं बोललो? आक्का म्हणत, त्याला एवढंही कळू नये? दोघंही एकाच बापाची, त्यामुळे नमतं घेणं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो बाप मधल्यामध्ये वाळत चालला होता. विजयमालानं फोनवर फोन करून, शब्दाला शब्द जोडून आक्कांना या दिवाळीला कसंबसं तयार केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "येतो. पर पाणी हाय न्हवं? यंदा तसं झालं तर माझं माहेर संपलं म्हणायचं."

म्हणून विजयमालाला चैन नव्हतं. पडदे धुतले होते, फराळाचे डबे ओळीनं लावले होते, तरी ती डब्यांची ओळ पुन्हा पुन्हा सरळ करत होती. सकाळीच तिनं नळकाम करणाऱ्या जोतीरामला बोलावून हौद घासून घेतला होता. जोतीरामनं अंगणातल्या कोपऱ्यातल्या खड्ड्यातला, हौदात येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला, हौद रिकामा करून ताटासारखा लख्ख केला, पोरांचा पाय जाऊ नये म्हणून खड्ड्यावर एक शहाबादी फरशी टाकली आणि जाताना बजावलं, की वैनी, दिवस मावळायच्या आत फरशी सरकवून कॉक उघडा, पहाटे पाणी येतंय. विजयमालाला ते जरा लागलंच. अख्ख्या घराच्या गोष्टी ध्यानात ठेवणाऱ्या बाईला हा शिकवणार?

तो गेला आणि पोरांनी उशा सोडून ताटल्या वाजवायला घेतल्या. विजयमालानं तिघांनाही अंगणात पिटाळलं. किल्ला करा म्हणाली, दिवाळीला किल्ला नको का?

"कुठं करू?" मोनानं विचारलं.

"त्या फरशीवर कर. अंगणभर चिखल नको मला."

आपल्या या नीटनेटकेपणावर ती मनातून खूशही झाली. आत जाऊन तिनं चकलीचा घाणा काढायला घेतला आणि थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं की घर खरोखरच शांत झालंय. कढईतलं तेलसुद्धा ऐकू येत होतं. तीन पोरं एकदम गप्प झाली की शहाण्या बाईनं उठून बघावं, हे तिला एरवी कळत होतं. पण शांततेला ती इतकी भुकेली होती की तिनं उठून बघितलं नाही.

बाहेर किल्ला पोरांच्या हातून कधीच गेला होता. आण्णा उघड्या अंगानं चिखलात उतरले होते. शेजारच्या बाळासोंनी कुठूनशी हातगाडीभर दगड आणि तांबडी माती आणली होती. साधा किल्ला करून चालणार नव्हतं, तर पन्हाळाच व्हायला हवा होता आणि त्याचा प्रसिद्ध तीन दरवाजा कोणत्या अंगाला, यावर दोघांची चांगलीच जुंपली होती. पोरं पायरीवर बसून निमूट बघत होती. दुपार कलली तेव्हा कमरेइतका गड उभा राहिला. आण्णांनी नारळ फोडला, महाराजांची मूर्ती सिंहासनावर बसवली, गल्लीनं जयजयकार केला. विजयमालानं खिडकीतून हात जोडले आणि पुढचा घाणा सोडला.

दिवस कलला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. फराळ झाला, अंथरुणं झाली, उटणं झालं, तेल झालं, असं मनाशी घोकता घोकता ती पाण्याशी आली. तिनं गडाकडे पाहिलं. मग गडाच्या खाली पाहिलं.

आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "नारळ फुटलाय, महाराज गडावर बसल्यात. आता गड हलवायचा म्हंजे ती काय ट्रंक हाय व्हय? भाऊबीज झाल्याबिगर मातीला हात लावायचा न्हाय." बाळासोंनी मान डोलावली. राजनंदिनीनं टँकर सुचवला, पण सणाच्या आदल्या संध्याकाळी टँकर मागवणं म्हणजे आकाशातला चंद्र मागवणं. शेजारून बादल्या आणाव्यात, तर तीच गोष्ट आक्कांच्या डोळ्यांवर येणार.

तेवढ्यात अमरसिंह शाहूपुरीतल्या दुकानातून घरी आला. मोटारीच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात त्याचा दिवस अडचणीच्या जागी हात घालण्यातच जाई. त्यानं गडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला की गडाला हात न लावता फरशीच्या कडेखालून हात घालतो. भुयार आपल्याला नवीन नाही. आण्णांनी विचार करून भुयाराला परवानगी दिली.

मग अमरसिंह बाही वर सारून अंगणात पालथा पडला. खुरप्यानं त्यानं फरशीच्या कडेची माती काढली, हात कोपरापर्यंत आत घातला, मग दंडापर्यंत. विजयमाला दोन्ही मुठी आवळून उभी होती. आतून कुरकुर आवाज आला. "उघडला," तो म्हणाला. तिनं सुटकेचा श्वास टाकला.

"मग काढा की हात."

"निघंना."

त्याच्या मनगटातलं चांदीचं कडं कॉकच्या दांड्यात अडकलं होतं. हिसडा दिला तशी फरशी हलली, गडाचा एक बुरूज ढासळला आणि दोन मावळे अमरसिंहाच्या मानेवर पडले. आण्णांनी धावत जाऊन सिंहासन दोन्ही हातांनी धरलं आणि गड पडेल, हलू नको म्हणून दरडावलं. त्यामुळे अमरसिंह हलायचाही बंद झाला. गेटाकडे तोंड, कपाळ जमिनीला टेकलेलं, एक हात गडाखाली आणि दुसरा पुढं पसरलेला.

आणि नेमकी गेटाशी रिक्षा थांबली.

आक्का उतरल्या. पिशवी हातातच राहिली. समोर वर्षभर न बोललेला भाऊ अंगणात साष्टांग पडलेला, मागं बापाचे हात महाराजांच्या सिंहासनाला, आणि भोवती जमलेली गल्ली. आक्कांचा चेहरा काही क्षण दगडासारखा होता. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"अमर, ऊठ."

"आक्का, उठाय येईना गं," अमरसिंह मातीत तोंड घालूनच म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच रडवेला होता.

विजयमालाच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. आयुष्यात ती कधी खोटं बोलली नव्हती, निदान इतक्या चटकन नव्हती. "आक्का, सकाळधरनं असंच चाललंय ह्यांचं," ती म्हणाली. "तुम्ही आल्याबिगर उठत न्हाई म्हणतात."

मोनानं तोंड उघडलं. "आत्या, पप्पांचा हात..." पुढचे शब्द बाहेर यायच्या आत विजयमालानं तिच्या तोंडात अख्खी चकली घातली.

आक्का पायरीवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. "मी बी लई ताणलो," त्या म्हणाल्या. "पाण्याचं काय एवढं. येतंय, जातंय." मग त्यांनी हात लांब करून भावाच्या मानेवरचे दोन मावळे उचलून बाजूला ठेवले आणि त्याच्या केसांतली माती झटकली. आण्णांच्या गालावरून पाणी ओघळलं, पण हात सिंहासनावर असल्यामुळे त्यांना ते पुसता येईना.

राजनंदिनी आक्कांना चहाला आत घेऊन गेली, तसं विजयमालानं वाटीभर खोबरेल भुयारात ओतलं आणि कडं आतच सोडून नवरा बाहेर ओढला. गड उभाच राहिला.

पहाटे नळाला धो धो पाणी आलं. हौद भरून वाहिला. पाटाभोवती रांगोळी काढून विजयमालानं पहिल्यांदा आक्कांनाच बसवलं आणि त्यांच्या पाठीला उटणं चोळू लागली. कित्येक महिन्यांनी तिचे हात घाईत नव्हते.

"कडं अडकलंतं न्हवं त्याचं?" आक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या.

विजयमालाचे हात थांबले.

"हात अडकलाय ते मी गेटातनंच वळखलो, आणि रात्री त्याच्या मनगटात कडं दिसलं न्हाई. सकाळधरनं कोण पालथं पडलं तर त्याच्या अंगावर कालव्यातला गाळ वाळल्यागत चिखल वाळंल. त्याचा तर ओला हुता. आणि आमचा अमर कुणाच्या पाया पडंल व्हय? लग्नात गुरुजींनी सांगितलं तरी निम्माच वाकलावता."

"मग बोलला का न्हाईसा, आक्का?"

"काय बोलू? त्याला माफी मागाय जमत न्हाई, मला माफ कराय जमत न्हाई. आयता पडलावता, म्हटलं हीच माफी समजावी." आक्कांनी मान खाली घातली आणि डोळे मिटले. "त्याला सांगू नकोस. आता घाल पाणी."

विजयमालानं तांब्या भरला आणि सावकाश, डोक्यावरून, ओतला.