दाराचे तीन अहो

लिफ्टच्या कारखान्यात तिला सगळे टापटीप म्हणत, आणि तिलाही ते मनापासून आवडे. लिफ्टचा प्रोग्राम फोर्थ नावाच्या जुन्या भाषेत होता. तो लिहायला अजून संगणकाचा काळा पडदा आणि हिरवी अक्षरं एवढंच साधन. आठ महिने खपून तिनं नवं साधन तयार केलं. ते चुका आणि बिनकामाचे शब्द शोधून त्यांच्याखाली लाल रेघ ओढी. आज साहेबांपुढे त्याची परीक्षा होती. पास झालं तर सगळे ते वापरणार, नाहीतर आठ महिने पाण्यात.

फोर्थमध्ये प्रत्येक कामाला एक शब्द असतो, आणि क्रम आपल्या बोलण्यासारखाच: आधी ‘दार’, मग ‘उघड’. हे शब्द घडवणारे कारखान्यातले काका कधीच निवृत्त झाले होते. सकाळी साधनाला दाराच्या कामात लागोपाठ तीनदा ‘अहो’ सापडलं. ‘हा शब्द काहीच करत नाही,’ साधनानं कळवलं. टापटीपनं तिन्ही अहो उडवले आणि प्रोग्राम लिफ्ट चालवणाऱ्या नव्याकोऱ्या बोर्डावर चढवला.

लिफ्टचं दार उघडलं. साहेबांनी पाय उचलला, तोवर दार मिटलं.

“चपळ आहे हो फार!” साहेब म्हणाले. दुसऱ्या खेपेला ते अंग चोरून उडी मारून आत गेले. खरी पंचाईत पुढेच होती. बाहेर यायला काही केल्या जमेना. दुसऱ्या मजल्यावर साहेबांचं नाक दिसलं आणि गेलं. तिसऱ्यावर चष्मा.

“मी बाहेर यायचं की आज इथंच बसायचं?” तळमजल्यावर फटीतून आवाज आला.

“दोन मिनिटं, सर!” टापटीप ओरडली. तिनं काकांना फोन लावला.

“अहो उडवलंस?” काका हादरले. “अगं, तो शब्द मनातल्या मनात आकडे मोजतो. तेवढा वेळ दार थांबतं. आमच्या हिनं हाक मारल्यापासून मी उठेपर्यंत जातो, तेवढा वेळ. तीन हाका! घाल परत.”

चालत्या यंत्राला शब्द शिकवता येतो, हे फोर्थचं एक बरं. तिनं तीन अहो घातले. साहेबांचा एक पाय बाहेर आला आणि घाईघाईनं आत गेला.

“काका, नवा बोर्ड जुन्यापेक्षा भराभर मोजतो. तीन पुरत नाहीत. किती घालू?”

“तीनच! आमच्या घरातला हिशेब आहे तो.”

“अहो!” फोनमधून मागून काकूंचा आवाज आला. काका बोर्डांच्या घाईबद्दल बोलतच राहिले. “अहो! अहो!” टापटीप बोटांवर मोजू लागली. सातव्या हाकेला काका थबकले.

“आलो, आलो! बघ, आज तर पहिल्याच हाकेला उठलो.”

तिनं सात घातले. दार उघडलं आणि शहाण्यासारखं थांबलं. साहेब सावकाश बाहेर आले, टाय सारखा केला.

“साधन चांगलं आहे, वापरू या,” ते म्हणाले. “फक्त त्याच्या हातात सगळं सोडू नका.”

ती जागेवर आली तेव्हा साधनानं सातही अहोंखाली लाल रेघा ओढल्या होत्या. तिनं त्या पुसल्या आणि शेजारी टीप लिहिली: ‘काकूंना विचारल्याशिवाय एकही काढू नये.’