मधल्या सप्तकाच्या गोळ्या

"यंदा अशा गोळ्या ओततो की एल्कने नुसता आवाज ऐकूनच हात जोडावेत!" आमच्या हॅल्वरने भर न्याहारीला जाहीर केलं.

एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. त्याला हात नसतात, हे मी सांगून पाहिलं. पण शिकारीचा हंगाम तोंडावर आला की आमच्या आयडाहोत नवऱ्यांना ऐकू येणं बंद होतं!

हॅल्वरचं ठाम मत होतं. गोळी शिशाची हवी, जड हवी आणि घरी ओतलेली हवी. दुकानातल्या हलक्या, तांब्याचा सदरा घातलेल्या गोळ्यांचा त्याला मनापासून तिटकारा. "हलकी गोळी म्हणजे घाईतला पाहुणा! आला कधी, गेला कधी, पत्ता नाही. जड गोळी सावकाश येते, पण आली की बसते!" तो स्वतःही तसाच. सावकाश यायचा आणि बसला की खुर्ची कण्हायची. कमरेच्या रिव्हॉल्व्हरला जड गोळी, जुन्या रायफललाही जड गोळी. मागच्या शेडमध्ये शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, गोळ्यांना मेण लावायचं. त्याच्या सदऱ्यांना मेणाचा वास इतका मुरला होता की दोरीवर वाळत घातले की मधमाश्या विचारपूस करून जायच्या!

त्या वर्षी चर्चचे नळ बदलले. पाद्री थोरसन भाबडा माणूस. हॅल्वरला म्हणाला, "तळघरात जुने शिशाचे पाइप पडलेत. तुझेच समज, घेऊन जा."

आता नेमकं काय झालं होतं पाहा. नळवाल्याने जुने नळ आदल्याच दिवशी तळघरातून काढून कोळशाच्या खोपटात टाकले होते. आणि तळघरात होते ते आमच्या ऑर्गनचे शिसं-कथलाचे पाइप, एकेकात हवा शिरली की एकेक स्वर काढणारे! केसलर नावाचा कारागीर स्पोकेनहून ऑर्गन दुरुस्त करायला आला होता. त्याने पाइप उतरवले, पुसले, घोंगड्यांत गुंडाळले आणि काही सामान आणायला तो परत गेला. ऑर्गन वाजवायचे मी, पण मी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला बॉइसीत!

पुढचं मला एमेटने सांगितलं. एमेट हा हॅल्वरचा जिवलग दोस्त आणि प्रत्येक गाढवपणातला भागीदार. दोघं तळघरात उतरले.

"बघ लेका," हॅल्वर गहिवरून म्हणाला, "घोंगडीत गुंडाळून ठेवलेत! असा पाद्री मिळायला भाग्य लागतं!"

"पण हॅल्वर, याला ही खिडकी कशाला रे?"

"जुन्या काळचे लोक. पाणी तुंबू नये म्हणून केली असेल."

एमेटने एका पाइपात फुंकर मारली. पाइप म्हणाला, "पूंऽऽ!"

"अरे, हा वाजतोय!"

"नळात हवा अडकली की वाजतोच! उचल!"

मोठे पाइप शेडमधल्या कढईत मावले नसते आणि बारके हॅल्वरला क्षुल्लक वाटले, म्हणून दोघांनी मधले तेवढे नेले.

मी परतले तेव्हा हॅल्वर नवरदेवासारखा फुलला होता. त्याने टेबलावर एक गोळी टाकली. टण्ण! चांदीसारखी लखलखीत. "ऐकलंस? असं शिसं मी जन्मात पाहिलं नाही! याच्यात कथील आहे, कथील! निम्म्या गावाला वाटल्या. एमेट तर नदीकाठच्या वाळूच्या टेकाडावर रोज नेम धरतोय."

"सुरेख आहे हो," मी म्हणाले. माझे कान ऑर्गनवादिकेचे, पण तेव्हा त्यांना काही कळलं नाही!

गुरुवारी केसलर आला. तळघरातून जी किंकाळी उठली, ती ऐकून समोरच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन रस्त्यावर आलं. पाद्रीबाबांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"हॅल्वर, तू पाइप नेलेस?"

"नेले की! आणि काय धातू आहे, पाद्रीबाबा! एक गोळी वाकडी आली नाही!"

"गोळी?" केसलर पायरीवर मटकन बसला. "माझं मधलं सप्तक?"

हॅल्वरचा चेहरा हळूहळू पडला. माझ्याकडे पाहायची त्याची छाती होईना. आमच्या आजोबा-पणजोबांनी बटाट्याचं एकेक पोतं विकून तो ऑर्गन आणला होता. आणि शनिवारी त्या ऑर्गनवर लग्न होतं. कुणाचं? एमेटच्याच पोरीचं, ओपलचं!

मग आमच्या गावात कधी झाली नव्हती अशी वसुली सुरू झाली. हॅल्वर टोपी हातात घेऊन दारोदार फिरला. "माझ्या गोळ्या परत दे रे बाबा. त्या देवाच्या आहेत!" लोकांनी भरलेली काडतुसं उघडून गोळ्या काढून दिल्या. एमेट वाळूच्या टेकाडावर पीठ चाळायची चाळण घेऊन बसला. त्याची बायको त्याच्या शेजारी बसून चाळत होती, आणि तोंडाने त्याला चाळत होती!

केसलरने सगळा ढिगारा पाहिला. "हे वितळवून नाताळपर्यंत नवे पाइप करून देईन," तो म्हणाला. "पण परवाचं लग्न? उरलेले पाइप बसवतो. मधल्या स्वरांना नुसती हवा येईल."

शुक्रवारी मी लग्नाची चाल वाजवून पाहिली. चाल ऐटीत दोन पायऱ्या चढायची आणि धपकन खड्ड्यात पडायची. एमेटचे डोळे भरले. "वहिनी, माझी पोर या खड्ड्यांतून चालत जाणार?"

मी पुन्हा वाजवायला घेतलं. चाल खड्ड्यापाशी आली आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "पूंऽऽ!"

हॅल्वर! आयुष्यात चर्चमध्ये कधी तोंड न उघडलेला हॅल्वर! लाजेने लालबुंद झाला होता, पण स्वर बरोबर होता. म्हणजे, बरोबरच्या शेजारचा होता.

केसलरने मान वर केली. "परत!"

शनिवारी हॅल्वर ऑर्गनच्या मागे दडून उभा, आणि त्याच्या शेजारी छत्री घेऊन केसलर. खड्डा आला की केसलर छत्री टोचायचा, की हॅल्वर "पूंऽऽ!" पण बाई गं, तो पडला जड माणूस! छत्री टोचल्यावर आवाज पोटातून निघून तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा. पहिल्या दोन ओळी माझी बोटं पुढे आणि नवरा मागे, अशी फरफट झाली. मग मीच थांबायला शिकले. खड्डा आला की बोटं उचलायची, वाट पाहायची. तो यायचा. सावकाश, पण यायचा!

त्यामुळे ती चाल इतकी संथ झाली की ओपलचा हात धरून एमेट दारापासून वेदीपर्यंत जणू तासभर चालत होता. एमेट नंतर म्हणाला, "वहिनी, तेवढा वेळ ती माझ्या हातात होती. हॅल्वरचे उपकार कसे फेडू?" आणि त्याने माझ्याच रुमालाला नाक पुसलं.

आता एमेट नाही, हॅल्वरही नाही. पण त्या दुपारी तो ऑर्गनमागून घामाघूम होऊन बाहेर आला ते मला काल घडल्यासारखं दिसतं. तेवढ्यात कमी ऐकू येणाऱ्या हॉगन आजी काठी टेकत केसलरपाशी आल्या.

"ऑर्गन छान झाला हो!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. "फक्त तो मधला एक पाइप रेड्यासारखा रेकतो. तेवढा बदलून टाका!"

केसलरने छत्रीत तोंड लपवलं. हॅल्वरने टोपी काढली आणि अदबीने म्हणाला, "हो आजी. जुना झालाय. बदलायला हवा."

मी मात्र तो शेवटपर्यंत बदलला नाही. रोज दाढी करताना रेकायचा, तरीसुद्धा!