टिटवीला घरटं मिळतं

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना झोप लागली होती आणि एका टिटवीचा डोळा काही केल्या लागत नव्हता.

टिटव्या कशा झोपतात, माहीत आहे ना? पाय वर करून. रात्री आभाळ कोसळलंच तर पायांवर झेलता यावं म्हणून. पण ही टिटवी शिकलेली होती. आभाळ पडत नाही हे तिला ठाऊक होतं. तिच्या आईला जन्मभर ती एकच काळजी पुरली. हिची ती काळजी शिक्षणाने गेली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाकीच्या सगळ्या काळज्या बिऱ्हाड करून राहिल्या.

आजची काळजी घरट्याची होती.

झालं असं की दुपारी पाणवठ्यावर कोकिळाताई बोलल्या होत्या. जंगलातल्या नव्या आयांना त्या दर आठवड्याला मार्गदर्शन करत. त्यांनी स्वतः कधी पिल्लू वाढवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा सल्ला अनुभवाने गढूळ झालेला नसे.

"ज्या पिल्लाला घरटं मिळत नाही," कोकिळाताई म्हणाल्या होत्या, "त्याच्या मनात पुढे कायमची एक पोकळी राहते."

आणि टिटव्यांना तर घरटं नसतंच. जंगलाच्या कडेला एक उघडा माळ होता. तिथे चार खडे इकडचे तिकडे केले की झालं टिटवीचं घर. आत्ता त्या खड्यांमध्ये तीन अंडी होती, खड्यांसारखीच मातकट, ठिपक्याठिपक्यांची. बाजूला गेल्या खेपेचं पिल्लू गोटू मान टाकून झोपलं होतं. टिटवी त्याच्याकडे निरखून बघत होती. पोकळी कुठे दिसतेय का, ते बघत होती.

"ऐक ना," तिने टिटव्याला हलवलं. "आपण गोटूवर अन्याय तर करत नाही ना?"

"आपण सगळे खड्यांवरच वाढलो की."

"म्हणूनच आपण असे आहोत."

"असे म्हणजे कसे?"

"असे म्हणजे रात्र रात्र जागणारे."

"मी झोपलो होतो," टिटवा म्हणाला आणि पुन्हा झोपला.

त्याच आठवड्यात जंगलाची सभा भरली. विषय होता बाग महोत्सव.

आता तुम्ही म्हणाल, जंगलात बाग कशाला? अगदी हेच एका म्हाताऱ्या कासवाने विचारलं. तेव्हा अध्यक्ष मोरसाहेब म्हणाले, "जंगल आपोआप उगवलेलं आहे. त्याचं उद्घाटन कोणी केलेलं नाही." हे सगळ्यांना पटलं. कासवालाही पटलं, पण त्याला मान हलवायला वेळ लागला.

महोत्सवाचा हेतू होता शाश्वतता. शाश्वतता म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्यालाच माहीत नाही असं दिसलं असतं. शेवटी मोरसाहेबांनीच सांगितलं, "जे दर वर्षी करता येतं, ते शाश्वत."

प्रवेशाला प्रत्येकी ओंजळभर जांभळं ठेवायचं ठरलं. जमतील ती जांभळं सत्कार्याला द्यायची. मग सत्कार्य शोधणं आलं.

"बेघरांना घरटं," कोकिळाताई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. "आता आपल्यात बेघर कोण आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. घोरपडीला बीळ होतं. कावळ्याचं घरटं होतं. कासव तर घर पाठीवरच घेऊन आलं होतं. बघता बघता सगळ्यांच्या नजरा टिटवीवर येऊन थांबल्या.

"आमचं घर आहे," टिटवी म्हणाली.

"कुठे आहे?"

"ते काय. माळावर."

सगळ्यांनी माना उंचावून माळाकडे पाहिलं. माळावर माळ होता. सभेतल्या सगळ्यांनी चेहरे पाडले. कोणाच्या तरी मयताला पाडतात तसे.

"म्हणजे तसं छोटंसंच आहे," टिटवी म्हणाली.

कोकिळाताईंनी पुढे येऊन तिला पंखाखाली घेतलं. "लाजायचं काही कारण नाही हं," त्या म्हणाल्या. टिटवी तोवर लाजली नव्हती. आता लाजली.

एवढ्यात मोरसाहेबांनी बागेची जागा जाहीर केली. बागेला ऊन हवं, आत तर झाडंच झाडं. तेव्हा कडेचा तो माळ, जो वर्षानुवर्षं नुसताच ओसाड पडून आहे, तो हिरवा करावा.

टिटवी बोलणारच होती. पण कोणाचा हिरमोड न करता हे कसं सांगावं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती. "माझा मुद्दा थोडा वेगळा आहे" अशी सुरुवात करावी, की "गैरसमज करून घेऊ नका, पण" अशी? तिचं वाक्य तयार झालं तेव्हा सभा संपून चहापान चाललं होतं.

घरी आल्यावर तिने टिटव्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे आपल्याला घर द्यायला आपल्याच घरावर बाग करणार?"

"ते इतक्या आपुलकीने करतायत रे."

"आणि अंडी?"

"उद्या सांगते मी त्यांना. नीट समजावून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रानडुक्कर जमीन उकरायला हजर झाला. नाकाने माती उलथत, खडे बाजूला सारत तो सरळ अंड्यांच्याच दिशेने येऊ लागला.

मुलांनो, अशा वेळी टिटवीने काय करायचं असतं, हे कोणत्याही टिटवीला शिकवावं लागत नाही. बोंब मारायची असते. समोर हत्ती असला तरी त्याच्या कानठळ्या बसेपर्यंत. पण आपली टिटवी कोकिळाताईंच्या 'शांत पालकत्व' वर्गाला जात होती. मुलांसमोर आवाज चढवायचा नाही, हा पहिलाच धडा होता.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "इथे माझी अंडी आहेत."

रानडुक्कर थांबला. माणूस वाईट नव्हता. म्हणजे डुक्कर. "कुठंयत ताई?"

"ही काय. तुमच्या नाकासमोर."

त्याने वाकून बघितलं. "ह्ये तर खडं हायेत. जल्मभर जमीन उकरतुय मी. मला खडा कळत नाय व्हय?"

"आई," गोटू म्हणाला, "तू ओरडत का नाहीस? आजी ओरडली असती."

"आजीच्या वेळी समिती नव्हती, बाळा," टिटवी म्हणाली.

रानडुकराने मोरसाहेबांना बोलावून आणलं. मोरसाहेबांनी तिन्ही अंडी लक्षपूर्वक पाहिली आणि शांतपणे विचार केला. "टिटवीबाई, अंडी असती तर घरटं असतं," ते म्हणाले. "घरटं नाही, म्हणून तर आपण हा सगळा खटाटोप करतोय. तेव्हा ही अंडी नाहीत." मग ते रानडुकराकडे वळले. "खडे मात्र सुबक आहेत. फेकू नकोस. झेंडूच्या वाफ्याच्या कडेला लाव."

टिटवीला वाटलं, यात काहीतरी चुकतंय. पण मोरसाहेब इतक्या खात्रीने बोलत होते, की क्षणभर तिने स्वतःच वाकून बघितलं, अंडीच आहेत ना म्हणून.

तेवढ्या वेळात अंडी वाफ्याच्या कडेला लागलीसुद्धा. माकडं कडेचे खडे एकाआड एक रंगवत येत होती, एक चुन्याने, एक गेरूने. एका अंड्याला गेरूचा फटकारा बसला, तशी टिटवी धावली आणि तिघांवर पंख पसरून बसली.

"मी इथे जरा बसले तर चालेल का?" तिने विचारलं.

"बसा की," मोरसाहेब म्हणाले. "बाग सगळ्यांची आहे."

अशा रीतीने टिटवी आपल्या घरातून न हलता बेघर झाली आणि बागेत पाहुणी म्हणून बसली.

महोत्सव दणक्यात झाला. जंगलातून उपटून आणलेली रोपं कुंड्यांत लावून विकायला ठेवली होती. ती विकत घेऊन सगळे परत जंगलात लावायला नेत होते. पाणी वाचवा या विषयावर हत्तींचा जाहीर कार्यक्रम झाला. त्यासाठी सोंडांनी कारंजी उडवली, तेव्हा पाणवठा गुडघाभर खाली गेला. टिटव्याला छातीवर बिल्ला लावून रांग सांभाळायला उभं केलं होतं. ज्यांच्यासाठी एवढं चाललंय, त्यांनी हातभार लावायला नको?

ऊन तापत गेलं. टिटवी जागची हलली नव्हती. माळावरच्या उन्हात अंडी घटकाभर उघडी राहिली तर आतल्या आत शिजतात. म्हणून ती पंखांची सावली धरून उभी राहायची, मधूनच बसायची. येणारेजाणारे म्हणत, "बघा, किती रमल्या आहेत बागेत."

ऐन दुपारी मुख्य कार्यक्रम सुरू झाला. समोर मोठा मंडप होता. मंडपात समिती बसली होती. कोकिळाताईंनी गोड आवाजात जाहीर केलं, की जमलेल्या जांभळांतून मंडपाचा, हारांचा आणि फराळाचा खर्च जाऊन जे उरलं, त्यातून बेघर टिटवीताईंसाठी एक सुंदर घरटं तयार झालेलं आहे. ते त्या पलीकडच्या सावरीच्या अगदी शेंड्यावर बसवलेलं आहे. तिथून सूर्यास्त दिसतो.

टिटवीने वर पाहिलं. मुलांनो, टिटवीच्या पायाचं मागचं बोट नावापुरतंच असतं. तिला फांदी धरता येत नाही. टिटवी झाडावर बसत नाही, कधीच नाही. टिटवीला हे माहीत होतं. तरी तिच्या मनात आलं, कदाचित आपण कधी मनापासून प्रयत्नच केला नसेल.

"टिटवीताईंनी मंचावर यावं," कोकिळाताई म्हणाल्या.

टिटवी हलली नाही.

"लाजतायत," कोकिळाताई म्हणाल्या. "टिटवीताई, या ना."

सगळं जंगल तिच्याकडे बघत होतं. जावं, तर अंडी जातील. न जावं, तर कृतघ्न ठरू. एवढ्या सगळ्यांनी जांभळं दिली. एवढ्या उन्हात आले. पटकन जाऊन पटकन यावं का? मोरसाहेबांचं भाषण राहिलं होतं. मोरसाहेबांचं भाषण पटकन होत नसे.

"आपण मदत करूया त्यांना," कोकिळाताई म्हणाल्या आणि दोन माकडांना खूण केली. माकडं आली. एकाने टिटवीचा डावा पंख धरला, एकाने उजवा, अगदी अदबीने, आणि तिला उचललं. खाली तिन्ही अंड्यांवर लख्ख ऊन पडलं.

तेव्हा टिटवी ओरडली.

ती नव्हे, तिची आई ओरडली, तिच्या आईची आई ओरडली. माकडांनी पंख सोडले. हत्तींनी कान मिटले. मंडपाचा एक खांब कलला. सावरीवरचं घरटं हातभर हललं. टिटवी धपकन अंड्यांवर बसली, आणि बसूनही ओरडतच राहिली. सगळ्या जंगलात दुसरा आवाज उरला नाही.

मग ती थांबली.

कोकिळाताईंनी पंखाने डोळे टिपले. "टिटवीताई भारावून गेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना शब्द सुचत नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आई येत नाही म्हणून गोटूला मंचावर नेलं. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हारात गोटू दिसेनासा झाला. मोरसाहेबांचं भाषण संध्याकाळपर्यंत चाललं.

महोत्सव संपला आणि सगळे आपापल्या घरी गेले. बागेला पाणी घालायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. महोत्सवाची समिती होती, पाण्याची नव्हती. आधी हिरवळ पिवळी पडली. मग झेंडू वाळला. मग वारा आला आणि सगळं घेऊन गेला. थोड्याच दिवसांत माळ पुन्हा ओसाड झाला, म्हणजे राहण्यालायक झाला.

सावरीवरच्या घरट्यात कावळ्याच्या थोरल्या मुलाने संसार थाटला. लवकरच त्याच्या अंड्यांत कोकिळाताईंचंही एक अंडं दिसू लागलं.

आणि वाफ्याच्या उरल्यासुरल्या कडेला, चुन्याच्या एका खड्याशेजारी, टिटवीची तिन्ही पिल्लं बाहेर आली. एकाच्या डोक्याला जरासा गेरू लागला होता. बाकी सगळं ठीक होतं. टिटवीने तिघांना पुन्हा पुन्हा तपासलं. पोकळी कुठे दिसली नाही. ती तरीही शोधत राहिली.

मग एके दिवशी मोरसाहेबांचा निरोप आला. महोत्सव फारच यशस्वी झाल्यामुळे पुढच्या वर्षी तो दुप्पट मोठा करायचं ठरलं आहे. टिटवीताई अजूनही बेघरच असल्याचं समितीला समजलं आहे, त्यामुळे सत्कार्य शोधण्याचा वेळ वाचणार आहे.

टिटवा निरोप ऐकून चरायला निघून गेला. टिटवी विचारात पडली. गोटू आता जाणता होत होता. या सगळ्यातून तो काय शिकला असेल? समाज वाईट असतो, असं त्याच्या मनात बसायला नको. पण समाज चांगला असतो, असं तरी कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने बराच वेळ वाक्यं जुळवली. लोक मनाने चांगले असतात, फक्त त्यांना खाली बघायची सवय नसते, असं काहीतरी सांगायचं ठरवलं. मग तिने गोटूला जवळ घेतलं.

"गोटू," ती म्हणाली, "त्या दिवशी एवढे सगळे आपल्यासाठी जमले होते. तुला काय वाटलं रे ते बघून?"

गोटूने नीट विचार केला.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आपण देणाऱ्यांत बसूया का? त्यांच्या बाजूला सावली होती."

तात्पर्य : परोपकाराची इच्छा झाली की गरजू शोधत रानोमाळ हिंडू नये. जो सुखात आहे त्याच्याच दारात जाऊन करावा. थोड्याच वेळात तो गरजू होतो.