शिवम्मा आत्याचं औक्षण

कॉम्प्युटरातल्या बाईला औक्षण करायला शिकवणारी पाटोद्यातली पहिली मुलगी मीच. हे मला स्वतःच सांगावं लागतंय, कारण ज्या एका बाईनं ते कौतुकानं सांगायला हवं होतं, ती सध्या आमच्या घरी येत नाही.

माझा आत्येभाऊ योगीराजदादा तीन वर्षांपासून अमेरिकेत नोकरीला आहे. जाताना त्यानं आपला जुना कॉम्प्युटर आमच्या घरी ठेवला आणि तो चालवता येणारी घरात मी एकटी. त्यामुळे दहावीत गेल्यापासून माझा भाव इतका वधारला होता, की आई मला दळण आणायलासुद्धा दबकत सांगायची. "रोहिणी, तुझं ते कॉम्प्युटरचं झालं असंल तर..." असं.

दिवाळीनंतर दादानं नवीन खूळ काढलं. इंटरनेटवर म्हणे एक खोटं जग असतं. तिथं प्रत्येकाची एक बाहुली. ती चालते, बसते, नाचते, आणि कानाला हेडफोन लावला की तिच्या तोंडून आपण बोलायचं. दादानं तिथं घर बांधलं आणि आपल्या आईची, म्हणजे शिवम्मा आत्याची, बाहुली करून ठेवली. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती. आमच्या कॉम्प्युटरवर ते जग मालगाडीच्या चालीनं यायचं. आधी जमीन, मग भिंती, मग बराच वेळ बिनचेहऱ्याची करडी आत्या. तिला नाक-डोळे फुटेपर्यंत खऱ्या आत्याचा चहा पिऊन व्हायचा.

दादाचा वाढदिवस आला तेव्हा आत्यानं विचारलं, "हिला ओवाळता येतं का गं? तीन वर्सं झाली, पोराला ओवाळलं न्हाई मी."

मी यादी बघितली. बाहुलीला अठ्ठावीस नाच येत होते, गुद्दा मारता येत होता, कोलांटउडी येत होती. औक्षण नव्हतं.

"नसलं तर ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली.

"राहू दे कावून? मी बनवते की."

एवढं एक वाक्य मला परत गिळता आलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हालचाली बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. त्यात एक सांगाडा. त्याचा कोणता सांधा कोणत्या क्षणी किती अंशांत वळवायचा, ते आकड्यांत भरायचं. मी आत्याला हातात ताट देऊन समोर उभं केलं आणि कंपासपेटीतला कोनमापक काढला.

"थांब. हलू नको. कोपर एकशे दहा."

"बिलाऊजचं माप घ्यायलीस का काय?"

"आता हात जरा वर. मनगट वीस."

"हात भरून आला गं बाई. एवढ्या वेळात अख्खी गल्ली ओवाळून झाली असती."

वहीची चार पानं भरली. रात्रीत मी आकडे भरले आणि दुसऱ्या दिवशी ती हालचाल आत्याच्या बाहुलीवर चढवली. बाहुली कमरेपर्यंत फरशीत गेली.

"मी कशात रुतले?" आत्यानं विचारलं.

"कमरेची उंची चुकली. हे एका मिनिटाचं काम आहे."

एक मिनिट तीन दिवस चाललं. कमर वर आली, तर हात हलेनात. बाहुलीची आपली उभी राहायची सवयच माझ्या औक्षणावर मात करत होती. मग मला एक आकडा सापडला. तो वाढवला की आपली हालचाल बाकी सगळ्या हालचालींना दाबून टाकते. मी तो वाढवता येईल तेवढा वाढवला. शिवाय औक्षण मध्येच थांबू नये म्हणून 'पुन्हा पुन्हा' या चौकोनात खूणही केली. चालवून बघितलं. पडद्यावर बाहुली पाठमोरी दिसते, त्यामुळे लुगड्याच्या पाठीमागून फक्त कोपर फिरताना दिसलं. फिरतंय ना? झालं तर. माझी छाती फुगून कॉलर ताठ झाली.

रविवारी संध्याकाळी सात वाजता आत्या आली. नवं लुगडं, अंबाड्यावर गजरा, आणि हातात खरं ताट. निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं.

"पडद्यावर तो दिसला की मी इथून ओवाळते," ती म्हणाली.

"अगं आत्या, काजळी बसेल पडद्यावर. ते ठेव बाजूला. बाहुली करते ना."

तिनं ताट शेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि हेडफोन कानाला लावला.

दादाची बाहुली आली. पाटावर बसून तिनं मान खाली घातली. आत्याला त्याचा चेहरा दिसावा आणि ती स्वतःही दिसावी, म्हणून मी पडद्यावरचं दृश्य फिरवून दोघं समोरासमोर दिसतील असं केलं आणि औक्षण चालू केलं.

आता ऐका. मोजमाप घेताना आत्या माझ्या समोर उभी होती. तिचा उजवा हात माझ्या डावीकडे. मी वहीत काय लिहिलं? डावा हात. गोलही मला दिसला तसाच उलटा. आणि दादानं निरांजनाचं ताट बाहुलीच्या उजव्या हातात घट्ट बसवलेलं.

तेव्हा झालं असं, की उजवा हात खाली लोंबत होता, त्यातलं ताट आडवं होऊन ज्योत जमिनीकडे, आणि रिकामा डावा हात दादाच्या तोंडासमोर उलटा, सपासप फिरत होता. चतकोर मागायला दारात आलेल्या कुत्र्याला हाकलतात, अगदी तसा.

दादा इतक्या जोरात हसत सुटला, की आत्याच्या हेडफोनातून मलाही ऐकू आलं. "आई, मला हाकलायलीस का?"

मागं त्याचे मित्रही हसले.

"बंद कर," आत्या म्हणाली.

मी सगळी बटणं दाबली. बाहुली ऐकेना. सगळ्यांना दाबून टाकणारं, पुन्हा पुन्हा चालणारं औक्षण. मीच तर तसं बनवलं होतं. मी तिला नाचायला सांगितलं, ती हाकलत राहिली. बसायला सांगितलं, बसून हाकलत राहिली.

"बंद कर गं! तिकडं वाढदिवस हाय त्याचा."

मी प्लग उपटला.

पडदा काळा झाला. स्टुलावरचं निरांजन तेवढं जळत होतं. आत्यानं हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"तीन वर्सांनी पोरगं म्होरं बसलं," ती म्हणाली, "अन् म्या त्याला हाकललं."

"आत्या, ती बाहुली होती."

"तोंड माझं होतं की."

ताट उचलून ती गेली. मी घाईनं कॉम्प्युटर पुन्हा लावला, पण ते जग येईपर्यंत आठ वाजले आणि भारनियमनात वीज गेली. दुसऱ्या दिवशी दादानं लिहिलं, की आम्ही गेल्यावरही बाहुली आणखी चार मिनिटं तिथंच हात फिरवत होती, नंतर नाहीशी झाली. आणि हो, मेनूत 'सगळ्या हालचाली थांबवा' अशी एक ओळ असते.

मी आठवडाभर अभ्यास सोडून तेच केलं. हात बदलले, गोल सुलटा केला, तीन फेऱ्यांनंतर आपोआप थांबेल असं केलं. यावेळी समोरून बघितलं. इतकं देखणं औक्षण मी खऱ्या बायकांचंही पाहिलेलं नाही.

आत्याकडे गेले. ती दारात ज्वारी पाखडत होती.

"आत्या, एकदम बरोबर झालंय. बघायला ये की."

"वाढदिवस होऊन गेला की गं."

"मग पुढच्या वर्षी करू."

"पुढच्या वर्सी तो घरी येणार हाय. मग कशाला लागती तुझी बाहुली?"

मी मान हलवली. पुढच्या वर्षी येणार, हे ती तीन वर्षांपासून सांगतेय.

फाइल मी पुसलेली नाही. पण हे आत्याच्या कानावर घालू नका.